मोटार पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आमच्या समाजातून अद्याप पुरता गेलेला नाही. परंतु अशा अर्ध्या तासात कळते तरी काय, असे विचारणारे लोक आता पुष्कळ निघाले आहेत. मोटार पाहण्याविषयी मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. नव्या कोऱ्या गाडीत बसावयाचे, शेजारच्या तरुण विक्रेत्याने दाखविलेल्या रुंद रस्त्यावरून ती दहा मिनिटे पळवून आणावयाची, आणि तेवढ्या भांडवलावर आठ-दहा लाख रुपयांचा व दहा-पंधरा वर्षांच्या सहवासाचा व्यवहार ठरवावयाचा! या विधीस ‘टेस्ट ड्राइव्ह’ म्हणतात. आमच्या मते त्यात परीक्षा होते ती रस्त्याची, आणि तो रस्ता विक्रेत्याने आधीच उत्तीर्ण करून ठेवलेला असतो.

आमचे बिऱ्हाड सुप्याचे. पुणे-सुपे जहागिरीतले इतिहासप्रसिद्ध सुपे ते हे नव्हे. ते बारामती तालुक्यात. आमचे सुपे पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरचे. येथील औद्योगिक वसाहत आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या हीच त्याची अलीकडची ओळख. रोजचे जाणे-येणे मात्र नगरचे. (2024 पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले, तरी लोकांच्या तोंडातले ‘नगर’ दोन्ही नावांत शाबूत राहिले, ही सोय लहान नव्हे.) आमचे कॉलेज तेथे, सौभाग्यवतींची शाळा तेथे, आणि गेल्या वर्षी मातोश्री ओसरीवर पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे व्यायामोपचारही तेथेच. आठवड्यातून दोनदा त्यांना न्यावे लागते. एसटीची पायरी त्यांना आता चढवत नाही. तेव्हा आम्हांस गाडी हवी होती ती माळीवाडा, दिल्ली दरवाजा, कापडबाजार अशा ठिकाणी रोज रांगत जाण्यासाठी; महामार्गावर ती किती पळते, याची आम्हांस फारशी उत्सुकता नव्हती.

पसंती पडली ती डिकीच्या लहान गाडीवर, म्हणजे हल्लीच्या भाषेत कॉम्पॅक्ट सेडानवर. हा प्राणी कारखान्यात घडला असला तरी त्याची उत्पत्ती अर्थसंकल्पातली आहे. 2006 साली सरकारने चार मीटरांहून लांब नसलेल्या व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणला. झाले! जो तो गाडीची शेपटी मोजू लागला. 2008 साली टाटांनी इंडिगो सीएस चार मीटरांत बसविली; 2012 साली मारुतीने डिझायरला कात्री लावली आणि तिची लांबी 3,995 मिलिमीटर भरली. मर्यादेला पाच मिलिमीटर राखून! शिंपीदेखील इतका काटेकोर नसतो. पुढे 2017 साली जीएसटी आला तरी चार मीटरांची रेघ कायम राहिली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 1,200 सीसीपर्यंतच्या अशा पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के कर झाला. तसे पाहिले तर वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनीसुद्धा चार मीटरांच्या आतच होती आणि तिलाही ऐसपैस डिकी होती. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023 साली गेली. पण पद्मिनीचे छप्पर सरळ मागपर्यंत जाई. आतली माणसे टोपी घालून बसत. आताच्या गाडीत चार मीटरांतच इंजिन, माणसे आणि डिकी कोंबून वर तिला डौलही द्यावयाचा, म्हणजे छप्पर मागे उतरते करावे लागते. आणि ते उतरते नेमके मागच्या दारावर.

विक्रेता तरुण गाडी घेऊन सुप्यास दारी आला. मोठा गोड मुलगा. त्याने किल्ली आमच्या हाती दिली. ती आम्ही सौभाग्यवतींच्या हाती दिली. आमच्या घरात गाडी चालवितात त्या. आम्ही केवळ परवानाधारक आहो. तो म्हणाला, “मॅडम, हायवेला घेऊ. पिकअप कळेल.” त्या म्हणाल्या, “पिकअप राहू दे. गावात घेऊ या.”

प्रथम मातोश्रींना मागे बसवावयाचे ठरले. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा गुडघा बसताना खुब्याच्या वर जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावलेले. मातोश्रींनी दाराशी उभे राहून छप्पर पाहिले, आसन पाहिले, आणि म्हणाल्या, “अरे, हिच्यात बसायचं की उतरायचं? विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय.” मोटारींच्या मासिकांतून आम्ही पुष्कळ परीक्षणे वाचली आहेत, इतके नेमके वाक्य त्यांत आढळले नाही. विक्रेत्याने त्यांना गाडीची सुरक्षिततेची तारांकने सांगितली. तारांकनांचे महत्त्व आम्ही जाणतो. पण डोके न आपटता आत जाता येणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, हेही कोणी मोजावे.

मग पुढचे आसन पुरते मागे सरकवून, त्यावर घरातली जाड उशी ठेवून पाहिले. आधी टेकावयाचे, मग दोन्ही पाय मिळून आत घ्यावयाचे. हे जमले. मागच्या आसनावर आमचे गुडघे मातोश्रींच्या पाठीस लागू लागले, हा भाग निराळा.

गावातल्या अरुंद रस्त्याने, बाजाराच्या कडेने, दुचाक्या आणि हातगाड्या चुकवीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालली. येथेच तिचे गुण दिसू लागले. सुकाणू हलके, वळण थोडक्या जागेत. पण क्लच दर वीस पावलांवर दाबावा लागे, आणि अर्ध्या तासात सौभाग्यवतींची पोटरी बोलू लागली. रिकाम्या गाडीचे पोट जमिनीपासून साधारण 160 ते 170 मिलिमीटर उंच असते. चार माणसे बसली की ते आणखी खाली येते. म्हणून आम्ही एका दांडग्या गतिरोधकावरून गाडी दोनदा नेली. पोट घासले नाही. छापील सरासरीविषयी विक्रेता बोलू लागला, तेव्हा आम्ही त्यास थांबविले. ते आकडे प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर काढलेले असतात. त्या रुळांवर माळीवाड्याची सायंकाळ नसते.

घरी परतल्यावर डिकी उघडली. मातोश्रींचा चालण्याचा घोडा घडी करून आत सहज गेला, वर चार पिशव्यांची जागा उरली. सौभाग्यवतींनी विचारले, “आणि सीएनजीची घेतली तर?” तरुण जरा चाचरला. टाकी मागे बसते, म्हणजे डिकी बहुतेक तीच घेते. टाटांनी 2023 साली एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या तळाशी घालून जागा पुष्कळ वाचविली, तरी पूर्ण नाही. महिन्याच्या इंधनाचा हिशेब एका बाजूस आणि घोड्याची जागा दुसऱ्या बाजूस, असा तो प्रश्न होता. आमच्या घरी तो फार वेळ चालला नाही. पेट्रोल.

“मग बुकिंग करू, सर?” त्याने विचारले.

आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “क्लच नसलेली आण. सुप्याला नको. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, माळीवाड्यात. आईंना उपचाराहून परत आणायचंच आहे.”

मातोश्री आत जाता जाता म्हणाल्या, “उशी मी घेऊन येते.”