पाचवा गिअर आणि आरसी बुक

जीपला पाच गिअरचा बॉक्स बसवल्याचा फोटो टाकला, तर बहुतेकांनी खर्च विचारला. "पासिंगला चालतं का?" असं दोघांनीच विचारलं. त्या दोघांसाठी हे लिहितोय.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९२ ची, वडिलांनी घेतलेली. प्यूजोचं डिझेल इंजिन, फोर-व्हील, चार गिअर. चिखलात, उसाच्या फडात हिला तोड नाही. पण गगनबावड्याहून कोल्हापूरला निघालो की साठच्या वर इंजिन बोंबलायला लागतं. चौथ्या गिअरला इंजिनची एक फेरी म्हणजे शाफ्टचीही एकच. पाचव्यात शाफ्ट तेवढाच फिरतो, इंजिनला कमी फिरावं लागतं. एवढ्यासाठी हा उपद्व्याप.

आणि उपद्व्यापच झाला. बॉक्स भंगारातला, नंतरच्या मॉडेलचा. इंजिनला जोडायची प्लेट उद्यमनगरात लेथवर करून घेतली. तिचं सेंटर केसभर चुकलं होतं, ते बॉक्स दोनदा उतरवल्यावर कळलं. नवा बॉक्स लांब, म्हणून ट्रान्सफर केस मागे सरकला. मग मागचा शाफ्ट कापा, पुढचा वाढवा, दोन्ही बॅलन्स करा. क्लच प्लेटही बदलली, कारण दाते जुळेनात. दोन दिवसांचं काम सतरा दिवस चाललं.

पण हे सगळं करण्याआधी मी कार्यालयात विचारायला गेलो होतो. पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं, कलम ५२ आहे, काही बदलता येत नाही. दुसऱ्यावर, "आरसीवर गिअरबॉक्स लिहिलेलाच नसतो, विचारताय कशाला?" तिसऱ्यावर एजंटचा नंबर मिळाला. लेखी अर्ज दिला, त्याची पोच आहे, उत्तर नाही. मिस्त्री हसले. "अण्णा, इचारलासा हितंच चुकलं. न इचारता किती जणांनी बसवून घेतलंय माझ्याकडं!"

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. माझं इंजिन तेच, चासी तीच, सीसी तेवढीच. माझ्या वाचनाप्रमाणे मी कायद्यात बसतो. पण माझं वाचन अपघातानंतर विमा कंपनीला दाखवून चालत नाही, तिथं कागद लागतो.

त्याहून मोठी धास्ती दुसरीच आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आधी साठला इंजिनच आवरायचं, आता ऐंशीला गेली तरी कळत नाही. पहिल्याच आठवड्यात कळ्याच्या पुढं एक म्हैस आडवी आली आणि गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढं जाऊन थांबली. म्हैस वाचली, मी घामानं भिजलो. तिन्ही टेबलांवर "ब्रेक कसे आहेत?" एवढा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता.

२०२२ ला नूतनीकरण केलं तेव्हा फी ६०० ची ५,००० झाली होती. भरली. त्या पैशात हॉर्न, दिवे, रिफ्लेक्टर पाहिले गेले.

पुढचं पासिंग २०२७ ला. शनिवारी पुढच्या चाकांना डिस्क बसवायची चौकशी करायला उद्यमनगरात जातोय. म्हणजे आणखी एक बदल, आणखी एक अर्ज. तुमच्यापैकी कुणाला अशा बदलाची लेखी परवानगी मिळाली असेल, तर अर्जात काय लिहिलं होतं ते कमेंटमध्ये टाका. एजंटचा नंबर नको, तो आहे माझ्याकडे.