सहावा दात

मूल पहिलीत जाऊ लागते, त्याच सुमारास त्याच्या तोंडात चार नव्या दाढा येतात. दोन वर, दोन खाली. त्या येताना आधीचा एकही दात पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे जबड्यात जी रिकामी जागा असते, तिथे त्या उगवतात. पुढचा दात पडला की मूल तो मुठीत धरून घरभर दाखवते, मग तो कौलांवर टाकायचा की मातीत पुरायचा याची चर्चा होते. या दाढांची मात्र घरात कुणाला खबरही नसते. मधल्या रेषेपासून मागे मोजत गेले तर ही दाढ सहाव्या क्रमांकावर सापडते. ती कायमची असते. पडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दातांची डॉक्टर आहे. दहा-अकरा वर्षांची मुले गाल धरून येतात, तेव्हा ठणकणारी दाढ बहुधा हीच असते. आई म्हणते, “दुधाचीच हाय ना? काढून टाका, दुसरी येईल.” वरची दाढ असेल तर आजीला वेगळीच भीती असते: दाढ काढली की नजर जाते. नजर जात नाही, दाढेचा डोळ्याशी संबंध नाही. पण घास चावण्याचा मुख्य आधार मात्र वयाच्या बाराव्या वर्षाआधीच जातो. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि मूल एकाच बाजूने चावू लागते.

हीच दाढ इतकी का किडते, याला कारणे आहेत. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकते. पूर्ण वर यायला तिला अनेक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्या वरून निघून जातो. नव्या दाताचे वरचे कवच पहिली दोन-तीन वर्षे पुरते पक्के झालेले नसते. त्यात शेजारच्या दुधाच्या दाढा आधीच पोखरलेल्या असतील, तर जंतूंचा साठा तिला लागूनच असतो. म्हणून ‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ हे वाक्य मला फार घातक वाटते. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. मूल त्यांच्यावरच जेवते आणि खालून येणाऱ्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

जत्रेत धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. दाढेत किडा नसतो. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच दातातले खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, खनिज परत भरू पाहते. या कामाला तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड तोंडात गेले, तर दाताला सावरायला अवधीच मिळत नाही. किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन हे तपासले गेले. त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग अन्यायाचा होता, आज कुणी तसा करू नये. पण त्या माणसांनी भोगून दिलेले हे ज्ञान तरी आपण वाया घालवू नये.

आता आपल्या गावातल्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटे. शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचा पुडा. दुपारी पेपरमिंटची गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट किंवा चहा-खारी. रात्री घरातल्या तान्ह्याच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली, ती तोंडात ठेवूनच झोप. यात आईबापांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात, मागे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मुले राहतात. चूल पेटायला वेळ असतो, तोवर भूक भागवायला बिस्किटाचा पुडाच हाताशी असतो. तो स्वस्त आहे, टिकतो आणि रडणे थांबवतो. गावात राहिलेली मुले आजीजवळ असतात. आजी स्वतः मशेरी लावते आणि मुलाच्या बोटावर राखुंडी किंवा काळे मंजन देते. राख दात झिजवते, कीड रोखत नाही. मशेरी तर तंबाखूच आहे. ती मुलाच्या बोटाला कधीही लागता कामा नये.

कीड रोखण्याचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे फ्लोराइड असलेली पेस्ट. पाकिटावर फ्लोराइडचे प्रमाण वाचा. ते हजार पीपीएमच्या आसपास हवे. अनेक मंजनांत ते नसतेच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सकाळी घासाच, पण रात्री झोपण्यापूर्वी घासणे त्याहून गरजेचे, कारण झोपेत लाळ कमी होते. घासल्यावर थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने हातात घ्यायचा आणि मागच्या दाढेवर तो आडवा धरायचा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि दातांवर डाग पडतात. तिथे पाणी तपासून घ्यावे, मुलाला पेस्ट गिळू देऊ नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाकीचे काम व्यवस्थेचे आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते, तपासायच्या आजारांत दंतक्षयही आहे. पण कार्डावर ‘दंतक्षय’ लिहिल्याने दात वाचत नाही. सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवता येतात. लहान खड्डा हातातल्या अवजाराने साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंटने भरता येतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब कीड थांबवतो. किडलेला भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगावे लागते. यांतल्या कशालाही ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही. शाळेच्या वर्गातही हे होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड पेस्ट, हे सिमेंट आणि हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाला हे उपचार शाळेतच मिळाले पाहिजेत. शाळेत पोषण आहाराआधी हात धुण्याची रांग लागतेच. जेवणानंतर तशीच ब्रशची रांग लावायला पाच मिनिटे पुरतात. फिलिपिन्समधल्या सरकारी शाळांनी हे करून दाखवले आहे.

दिवाळीत मुलांना लाडू-करंज्या खाऊ द्या. फक्त जेवणासोबत द्या, दिवसभर डबा उघडा ठेवू नका. आणि हा लेख वाचून झाला की घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि मधल्या रेषेपासून मागे सहा मोजा. त्या दाढेवर काळी रेघ दिसली, तर ती दुखायची वाट पाहू नका. याच महिन्यात दातांच्या डॉक्टरकडे जा.