एका रेषेचा उजेड

बिंबाभ्रिका शोधणाऱ्याचं निम्मं काम एक काच करते. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा, आरशासारखा चमकणारा फिल्टर. तो चिमटीत धरून डोळा आणि नेत्रिकेच्या मधे सरकवला की दृश्यातले सगळे तारे एकदम मंदावतात, आणि त्यांच्यातला एखादाच ठिपका होता तसा राहतो. फिल्टर काढला की तो पुन्हा गर्दीत हरवतो. भुजंगधारी तारकासमूहातली एनजीसी ६५७२ कमी विशालनात ताऱ्यासारखीच दिसते. फिल्टर दोन-तीनदा आत-बाहेर केला की ती कोण आहे हे डोळ्याला आपोआप कळतं. नकाशा कितीही चांगला असला तरी ही खात्री त्यातून मिळत नाही.

फिल्टरने हे घडतं कारण ताऱ्याचा उजेड सगळ्या रंगांत विखुरलेला असतो आणि बिंबाभ्रिकेचा मोजक्या रेषांत एकवटलेला; फिल्टर त्यांतल्या ठळक रेषांपुरताच पट्टा आत सोडतो. सूर्यासारखा तारा म्हातारपणी आपले बाहेरचे थर सोडून देतो. उघडा पडलेला गाभा इतका तापलेला असतो की त्याच्या अतिनील प्रकाशाने तो वायू उजळतो; हीच बिंबाभ्रिका. ताऱ्याच्या ऊर्जेचा जवळपास दहावा हिस्सा ५००.७ नॅनोमीटरच्या एकाच हिरव्या रेषेतून बाहेर पडू शकतो. विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ कडे वर्णपटदर्शक वळवला, तेव्हा त्यांना ही रेषा दिसली. पण ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत अणू एकमेकांवर आदळत राहतात, त्यामुळे ही रेषा उमटायला सवडच मिळत नाही; तिला अतिविरळ वायू लागतो. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणजे या रेषेला अगदी खेटून. रात्रीच्या निरीक्षकाला निसर्गाने दिलेली ही मोठीच सवलत आहे.

माझी आठ इंची दुर्बीण पांढुर्णा आणि सौंसरच्या मधल्या एका वावरात लागते. उत्तरेला सातपुड्याचे उतार, आणि आग्नेयेला क्षितिजावर नागपूरचा पिवळट उजेड. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते. संत्र्याच्या बागांना ओलित द्यायला माणसं रात्री जागी असतात, त्यामुळे सोबतही मिळते. एकदा शेजारच्या बागेतल्या काकांना मी एम ८४ आणि एम ८६ या दीर्घिका दाखवल्या. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "दोन डाग दिसून राहिले जी. मधात तं काईच नाही."

त्या 'मधात'लाच गेल्या काही दशकांत फार मोठा अर्थ आला आहे.

उत्तरा फाल्गुनीपासून पूर्वेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर कन्या दीर्घिका समूहाचा मध्य आहे. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. आमच्या अक्षांशावरून तो जवळजवळ डोक्यावर येतो. हजाराहून अधिक दीर्घिका तिथे एकमेकींच्या ओढीत फिरतात, जवळून जाताना एकमेकींचे तारे खेचून काढतात, आणि ते तारे मोकळ्या जागेत पसरतात. फ्रिट्झ झ्विकी यांना अरुंधतीकेशातल्या दीर्घिका समूहात असा पसरलेला उजेड जाणवला होता. त्यांनी १९५१ मध्ये तसं लिहिलं. पण तो रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडाहूनही कितीतरी मंद. त्यातला एकेक तारा वेगळा काढणार कसा, आणि त्याचा वेग मोजणार कसा?

उत्तर पुन्हा त्या हिरव्या रेषेतच होतं. एका बिंबाभ्रिकेमागे कोट्यवधी न दिसणारे तारे असतात; ती दिसली की त्यांचा पत्ता लागतो. कन्या समूह आपल्यापासून दूर जात असल्यामुळे तिथली रेषा ५०२.७ नॅनोमीटरच्या आसपास सरकते. म्हणून तेवढाच पट्टा आत सोडणाऱ्या फिल्टरमधून एक चित्र घ्यायचं, त्याच जागेचं दुसरं चित्र रेषेबाहेरच्या रंगात घ्यायचं. पहिल्यात जो ठिपका आहे आणि दुसऱ्यात नाही, तो उमेदवार. वावरात मी बोटांनी जे करतो, तेच इथे मोठ्या दुर्बिणी आणि संगणक माझ्या ठिपक्यांच्या लाखो पटींनी मंद ठिपक्यांवर करतात.

माग्दा आर्नाबोल्डी आणि त्यांचे सहकारी चिलीतल्या ला सिया इथल्या दुर्बिणीतून एम ८६ च्या बाहेरच्या भागातल्या बिंबाभ्रिकांचे वेग मोजत होते. ही दीर्घिका सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. तीन बिंबाभ्रिका मात्र हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने दूर जाताना आढळल्या. दिसायला एम ८६ च्या अंगावर, पण तिच्या नव्हेत. त्या समूहाच्या मोकळ्या अवकाशातल्या. हे १९९६ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी थ्यून्स आणि वॉरन यांनी फॉर्नॅक्स समूहात दहा उमेदवार मांडले. एम ८६ चं हे काम मला या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं, कारण ज्यांचा वेग बसत नव्हता त्यांना बाजूला टाकलं गेलं नाही.

उमेदवार म्हणजे शोध नव्हे. विश्वात फार दूर असलेल्या कोवळ्या दीर्घिकांतला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरची अतिनील रेषा सोडतो. अकरा अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करताना ती ताणली जाते आणि नेमकी ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येऊन पडते. चित्रात तिचा आणि बिंबाभ्रिकेचा ठिपका सारखाच. सन २००० मध्ये कुद्रित्स्की आणि सहकाऱ्यांनी व्हीएलटी दुर्बिणीवर कन्या समूहाच्या दिशेने दिसलेल्या अशा ठिपक्यांचे वर्णपट घेतले, आणि त्यांतले नऊ त्या दूरच्या दीर्घिका निघाल्या. खरी कसोटी जोडरेषेची: ऑक्सिजनची ५००.७ ची रेषा एकटी नसते, ४९५.९ वर तिच्या एक तृतीयांश तेजाची सोबतीण असतेच. ती दिसली की मगच नाव लिहावं. या शिस्तीपुढे मला दुर्बिणीचा व्यास दुय्यम वाटतो.

अरुंधतीकेशातला समूह तर तेहतीस कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथे आकाशाचा उजेडच ठिपके गिळतो. ऑर्टविन गेरहार्ड, आर्नाबोल्डी आणि सहकाऱ्यांनी सुबारू दुर्बिणीवरच्या वर्णपटदर्शकात अनेक बारीक फटींचा पडदा लावला. ठिपके कुठे आहेत हे आधी ठाऊक नव्हतं. फटीत जे येईल त्याचा वर्णपट पसरवायचा, म्हणजे आकाशाचा उजेड पसरून फिका होतो आणि बिंबाभ्रिकेची रेषा ठिपक्यासारखी घट्ट राहते. २००५ साली त्यांना तिथल्या बिंबाभ्रिका मिळाल्या, आणि त्यांच्या वेगांवरून समूहाच्या मध्यातल्या दोन राक्षसी दीर्घिकांभोवतीचे उपसमूह एकमेकांत विलीन होत असल्याची खूणही पुढे मिळाली. झ्विकींनी जिथे पसरलेला उजेड पाहिला, त्याच आकाशात.

पांढुर्णा, सौंसर, मोहगावच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना माझं सांगणं आहे. नव्या नेत्रिकांआधी एक चांगला ऑक्सिजन फिल्टर घ्या. वैशाखातल्या अमावस्येला हस्त नक्षत्रातल्या एनजीसी ४३६१ वर तो आत-बाहेर करून पाहा. ती कन्या समूहाच्या खालीच, दक्षिणेला आहे. आणि मोठ्या दुर्बिणीची वाट पाहत बसू नका. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या आणि सुबारूच्या संग्रहांतली जुनी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. ती उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि ठिपके तपासायला घरचा संगणक पुरतो.