गोदारचे पँथर आणि इंदापूरचे बावडा

जून १९६८. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रोलिंग स्टोन्स हा रॉक वाद्यवृंद एकच गाणे पुन्हा पुन्हा घडवीत-मोडीत आहे आणि फ्रेंच दिग्दर्शक झाँ-ल्युक गोदारचा कॅमेरा त्यांच्याभोवती संथपणे फिरत आहे. त्याच दिवसांत रॉबर्ट केनेडींची हत्या झाली आणि गीतातले एकवचनी ‘केनेडी’ अनेकवचनी झाले.

‘वन प्लस वन’ या प्रयोगशील चित्रपटात गाणे मध्येच सुटते आणि टेम्सकाठचे भंगार मोटारींचे आवार दिसते. तेथे ब्लॅक पँथरांच्या भूमिकेतील तरुण, हाती बंदुका घेऊन, पुस्तकांतील उतारे मोठ्याने वाचतात. गाण्यासारखीच क्रांतीही तालमीतच. निर्मात्यांनी आपल्या आवृत्तीत अखेरीस संपूर्ण गाणे वाजविले, तेव्हा गोदारने त्यांपैकी एकाला ठोसा लगावला. (ठोसा असमर्थनीय; तक्रार मात्र रास्त.)

चारच वर्षांनी पँथर हे नाव महाराष्ट्रात उमटले, आणि त्यामागे तालीम नव्हती. नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापुरात ऊस उभा केला. गावकूस मात्र जागचे हलले नाही. इंदापूर-अकलूज वाटेवरील बावड्यात १९७२ साली दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. बहिष्कारात रक्त सांडत नाही, म्हणून त्याची बातमीही लहान होते. परंतु हातावर पोट असणाऱ्याला काम आणि किराणा नाकारणे म्हणजे त्याची चूल विझविणे. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. या संतापातूनच मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांची ‘दलित पँथर’ उभी राहिली. नाव १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले.

तिकडच्या बंडखोरांच्या हाती गिटार होते, इकडे लघुनियतकालिके. मराठी प्रतिसंस्कृतीचा आवाज आधी छापील कागदावरच फुटला. ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२च्या अंकातील ढाल्यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने गदारोळ उडाला. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. १९७३च्या जाहीरनाम्याने तर भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांनाही ‘दलित’ या संज्ञेत सामावून घेतले.

ढसाळ मूळचे पुणे जिल्ह्यातलेच, खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचे. गावकुसाबाहेरचे जगणे त्यांना कोणाच्या पुस्तकातून मोठ्याने वाचावे लागले नव्हते.