पाकिटाचा कोपरा

पत्राच्या पाकिटावर उजव्या हातच्या कोपऱ्यांत जें कांहीं चिकटविलेलें किंवा छापलेलें असतें, त्याकडे पत्र वाचण्याच्या उत्सुकतेंत आपलें सहसा लक्षच जात नाहीं. वास्तविक तो कोपरा म्हणजे एक पावती आहे. ‘या पत्राचें टपालहंशील भरलें आहे’ एवढेंच तिला सांगावयाचें असतें. परंतु तें खरें कशावरून, हा प्रश्न जगांतील टपालखात्यांस पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ छळीत आला आहे.

कांहीं महिन्यांपूर्वीं अमेरिकेंत असलेल्या भाच्याचें एक पाकीट आमच्या घरीं आलें. त्यावर तिकीट नव्हतें. एक लहानसा चौकोन होता आणि त्यांत काळे ठिपके दाटीवाटीनें भरले होते. मंडळींना ते तीळ सांडल्यासारखे वाटले, नातीनें मोबाइल पुढें करून त्यांतून कांहीं वाचतां येतें का तें पाहिलें, आणि तिकिटें जमविणारा धाकटा नातू मात्र हिरमुसला होऊन निघून गेला. त्या चौकोनाची चौकशी करतां करतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

१८४० सालीं इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणें एक पेनीचें काळें तिकीट निघालें. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा कोरण्याचें एक कारण असें होतें कीं, मनुष्याचा चेहरा किंचितहि बदलला तरी तें डोळ्यास चटकन् जाणवतें. शिवाय खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक अक्षर असे, आणि पानावरील २४० तिकिटांपैकीं प्रत्येकाची अक्षरजोडी निराळी. एवढा बंदोबस्त करूनहि तिकिटावर मारलेला तांबडा शिक्का धुऊन काढतां येतो हें लोकांच्या लौकरच ध्यानांत आलें, आणि पुढच्याच वर्षीं तिकीट तांबडें व शिक्का काळा करावा लागला. १८७२-७३ सालीं लंडनच्या शेअरबाजारांतील तारघरांत तारेच्या फॉर्मांवर एक शिलिंगाचीं खोटीं तिकिटें लागत होतीं, आणि कोणास त्याचा सुगावाहि लागला नाहीं. जुने फॉर्म तिकीटशौकिनांच्या हातीं येऊन १८९८ सालीं ही लबाडी उघडकीस आली. तेव्हां असें दिसलें कीं, त्यांतील कित्येक तिकिटांवरची अक्षरजोडी खऱ्या पानावर असूंच शकत नव्हती. म्हणजे लबाडीचा पुरावा तिकिटावरच छापलेला होता. तो तपासण्याची कोणास सवड नव्हती, इतकेंच. आपल्याकडे तेलगी प्रकरणांतील बनावट मुद्रांकांनीं हाच धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला, आणि क्रमांक पडताळून पाहतां येईल असें ई-स्टँपिंग त्यानंतर पुढें आलें.

तिकिटानंतर यंत्र आलें. आर्थर पिटनी यानें अमेरिकेंत १९०२ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि १९२० सालीं वॉल्टर बोज याच्याशीं त्याची जोडी जमल्यावर तेथील टपालखात्यानें तें मान्य केलें. बँकांच्या व कचेऱ्यांच्या पाकिटांवर जो तांबडा फ्रँकिंगचा शिक्का आपण पाहत आलों, तो याच कुळांतला. या यंत्राच्या पोटांत दोन मोजण्या असतात: एक चढती, किती खर्चलें याची; दुसरी उतरती, किती शिल्लक राहिलें याची. दोहोंची बेरीज भरलेल्या रकमेइतकीच आली पाहिजे. वाणसामानाच्या वहींत खर्च आणि शिल्लक जुळवावी लागते, तशी. शिल्लक संपली कीं यंत्र उचलून टपालकचेरींत न्यावयाचें, पैसे भरावयाचे आणि अधिकाऱ्याकडून तें पुन्हां मोहोरबंद करून आणावयाचें. (पुढें ही भरणी टेलिफोनवरून होऊं लागली.) सगळी भिस्त त्या मोहोरेवर. ती हातोहात उघडून आंतील चाकें मागें फिरविणारे कारागीर निपजले. आणि रंगीत छपाईचीं यंत्रें घरोघरीं आल्यावर तर तांबड्या शिक्क्याची नक्कल करण्यास कारागीरहि लागेना. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन टपालखात्यानें चाकांचीं यंत्रें मोडींत काढण्यास आरंभ केला, तो याच जाचामुळें.

यावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांतील डग टायगर आणि बेनेट यी या संगणकशास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं सुचविलेला उपाय मला मोठा मार्मिक वाटला. नक्कल करण्यास कठीण असा कागद किंवा शाई शोधण्याचा नादच त्यांनीं सोडून दिला. मुद्रा साध्या कागदावर साध्या प्रिंटरनें छापावी. पण तिच्यांत रक्कम, तारीख, यंत्राचा क्रमांक आणि मोजणीचा आंकडा हीं सर्व भरून त्यांवर गणिती सही करावी. या सहीच्या दोन किल्ल्या असतात. एकीनें सही होते, दुसरीनें ती खरी कीं खोटी एवढें कळतें. आणि दुसरी साऱ्या जगास वांटली तरी तिजवरून पहिली काढतां येत नाहीं. पहिली किल्ली अशा पेटींत ठेवावयाची कीं, कोणी ती फोडूं लागल्यास पेटीनें आंतली किल्ली स्वतःच पुसून टाकावी. भाच्याच्या पाकिटावरील तीळ म्हणजे अशीच एक सही होती.

तथापि खरी मेख पुढेंच आहे. सही बनावट करतां येत नसली तरी ती जशीच्या तशी पुन्हां छापतां येते, आणि नकलेवरची सहीहि तितकीच खरी असते! खोट्या नाण्यास ओळखतां येतें. एकच खरें नाणें दहा ठिकाणीं वटविणाऱ्यास कसें ओळखावें? उपाय एकच: कोणताहि चौकोन दुसऱ्यासारखा असूं नये, आणि एकदां आलेला पुन्हां आला तर तो वहींत सांपडावा. त्यांत पत्त्याचा अंकहि गोंविला, तर नकलेचा उपयोग त्याच पत्त्यापुरता राहतो. अमेरिकेंत १९९६ सालीं या धर्तीवर नियम आंखण्यास सुरुवात झाली आणि १९९९ च्या ऑगस्टांत दोन कंपन्यांना इंटरनेटवरून टपाल विकण्याची मान्यता मिळाली. एकीनें गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्याच संगणकास जोडलेल्या लहानशा पेटींत ठेविले, दुसरीनें आपल्या पेढीवर. पहिलीनें वर्षादीडवर्षांतच धंदा आवरता घेतला. २००२ सालीं पत्त्याशिवाय नुसतीं तिकिटें घरीं छापून ठेवण्याचीहि मुभा मिळाली. पत्र लिहिण्याआधींच चार तिकिटें खणांत असावीं, ही मनुष्याची हौस नियम करणारांसहि मोडतां आली नाहीं असें दिसतें.

या सर्व व्यवस्थेंत तिकिटाचा एक गुण मात्र हरवला, आणि माझें मन तेथेंच अडखळतें. तिकीट पाठविणाराविषयीं कांहींच जाणत नव्हतें. नवा चौकोन कोणाच्या खात्यांतून, कोणत्या दिवशीं निघाला हें सारें जाणतो. माझी एक आत्या अकाली विधवा होऊन आमच्याकडेच राहिली होती. तिच्या डब्यांत तळाशीं दोनचार तिकिटें सदैव असत. भाजीच्या पैशांतून तीं ती आणी. कोणाला लिहीत असे, तें घरांत कोणीं विचारलें नाहीं, आणि वहींत कोठें नोंद नव्हती. एकत्र कुटुंबांत ज्यांना स्वतःची अशी खोली नसते, कुलूप नसतें, त्यांना तेवढें तिकीटच काय तें खाजगी. आज सरकारला तें मौन नकोसें झालें आहे. अमेरिकेंत २००७ सालीं नियम झाला कीं, नुसतीं तिकिटें लावलेलें १३ औंसांहून जड टपाल पेटींत टाकूं नये, खिडकीवर माणसाच्या हातीं द्यावें. २०१९ सालीं ही मर्यादा १० औंसांवर आली. खातें उघडून छापलेल्या मुद्रेस ही अट नाहीं. स्फोटक पुडक्यांनीं ज्यांचे जीव घेतले त्यांच्या आप्तांस हा नियम जाचक वाटणार नाहीं, हें मी जाणतों; म्हणून त्यास नांवें ठेवीत नाहीं.

परंतु काळ्या तिकिटाच्या जन्मभूमींत जें घडलें तें सहज गिळतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें आतां राणीच्या वा राजाच्या मुखवट्याशेजारींच ठिपक्यांचा चौकोन असतो आणि प्रत्येक तिकिटास स्वतंत्र ओळख असते. चौकोन नसलेलीं नेहमीचीं तिकिटें ३१ जुलै २०२३ नंतर चालेनाशीं झालीं. पुढच्या वर्षीं तक्रारींचा गवगवा झाला. रीतसर टपालकचेरींत विकत घेतलेलीं तिकिटें यंत्रानें बनावट ठरविलीं असें लोक सांगूं लागले, आणि दंडाचे पांच पौंड मागण्यांत आले ते पत्र ज्याच्या दारीं आलें त्याच्याकडून. त्यानें तिकीट घेतलेलें नसे, तपासणारें यंत्र त्यानें पाहिलेलें नसे. वाढदिवसाचें कार्ड हवें असेल तर पैसे मोजावे लागत, नाहींतर तें परत जाऊं द्यावें लागे. शेअरबाजाराच्या काळीं तपासणारा कोणी नव्हता. आतां तपासणारा आहे, पण त्याच्याशीं वाद घालण्यास खिडकी नाहीं. नाताळचीं आणि फुलापांखरांच्या चित्रांचीं जुनीं तिकिटें तेवढीं तेथें अजून चौकोनावांचून चालतात.