गुरांमागची शाळा

एकेकाळी डहाणूकडच्या वारली पाड्यांवर सात-आठ वर्षांचं पोर म्हणजे घरातलं कमावतं माणूस. सकाळी गुरं सोडायची, रानात वळायची, ऊन कललं की परत आणायची. मुलगी असेल तर तिच्या कडेवर दिवसभर धाकटं भावंड. अशा पोराला ‘शाळेत ये’ म्हणायचं, तर त्याची गुरं कोण राखणार आणि ते धाकटं कोण सांभाळणार? या प्रश्नाशी येऊन भल्याभल्यांचा शिक्षणप्रसार थांबला. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मात्र तिथूनच पुढे चालू लागल्या. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळेनं गुरांमागे जायचं. अशी कोसबाडची कुरणशाळा सुरू झाली.

या कुरणशाळेनं मला वर्षानुवर्षं धरून ठेवलं आहे. मी ती डोळ्यांसमोर आणते. झाडाच्या सावलीत बसलेली दहा-बारा पोरं, हातात काठ्या, एक डोळा बाईंकडे आणि एक गुरांकडे. गाण्याच्या मधेच कुणीतरी उठतं, शेताकडे निघालेली गाय वळवतं आणि येऊन पुढची ओळ पकडतं. बाई रागावत नाहीत. ती गाय राखणं हाही त्या पोराच्या दिवसाचा भागच आहे, हे त्यांनी आधीच मान्य केलेलं आहे. इथे घंटा नाही, बाक नाही, भिंतही नाही. जमिनीवर काडीनं रेघ ओढायची, खडे मांडून मोजायचे, गोष्ट ऐकायची, गोष्टीतला वाघ व्हायचं. अक्षरं यायची ती या सगळ्याच्या मागून.

अनुताई स्वतः फार अवघड वाटेनं इथवर आलेल्या. जन्म 1910 चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य घराच्या मागच्या खोलीत संपून जायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून मॅट्रिक झाल्या, आणि बी.ए. झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर. 1945 मध्ये बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातली शाळामास्तरकी सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. ताराबाईंच्या मागे तेव्हा शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबतचं भावनगरचं काम, 1926 मध्ये त्या दोघांनी स्थापन केलेला नूतन बाल शिक्षण संघ आणि दादरची बालशाळा एवढं सगळं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंनी शहर सोडून समुद्रकाठचं खेडं निवडलं.

साल लक्षात घ्यावं असं आहे. 1945 मध्येच याच परिसरातले वारली किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. सावकाराच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं पहिल्यांदा नाही म्हणत होती. दोन्ही कामांच्या वाटा निराळ्या, राजकारण निराळं. पण मला ती दोन्ही शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. बापाला माणूस म्हणून ताठ उभं राहायचं होतं, त्याच वेळी कुणीतरी त्याच्या पोरासमोर मांडी घालून बसलं होतं आणि ‘तुला काय गाता येतं?’ असं विचारत होतं.

ताराबाई ज्या माँटेसरी पद्धतीनं शिकवत, तिची साधनं महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, रंगीत मणी, दट्ट्यांच्या पेट्या. खेड्यात ती आणणार कोण? बोर्डीत आणि पुढे 1957 च्या सुमाराला कोसबाडला आल्यावर या बायकांनी आजूबाजूचंच उचललं. शिंपले, चिंचोके, पानं, फुलं, बिया, माती. गरिबीवरचा तोडगा म्हणून याचं कौतुक होतं, आणि ते रास्तही आहे. मला त्यात याहून मोठी गोष्ट दिसते. जे मुलाच्या दारात पडलेलं आहे, ते शिकण्याजोगं आणि सुंदर आहे, असं त्याला शाळेनं सांगितलं. ज्या मुलाला सगळं जग ‘जंगली’ म्हणत आलं, त्याच्यासाठी हे सांगणं किती मोलाचं असेल!

आणि ते दार तर चित्रांचं होतं. लग्नघरी गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, शिकार, तारपा या वाद्याभोवतीचा नाच. हे आईच्या आणि आजीच्या हातांतून उतरताना बघत ती पोरं वाढत होती. याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच थांबले होते, धुळीत चित्रं काढून ते आपलं म्हणणं सांगत. पुढे त्याच रेघा जगभर गेल्या. म्हसे कोसबाडचे विद्यार्थी नव्हते. तरी त्यांची आठवण इथे होते, कारण मूल शब्दांच्या आधी रेघेनं बोलतं हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही. बालवाडीत चित्र, गाणं, नाच पहिले आले, ते याच समजुतीतून. वारली बोलणाऱ्या पोरापुढे पुस्तकी मराठी आली की त्याची जीभ अडते, गाण्यात ती अडत नाही.

कला ही पोट भरल्यावरची गोष्ट, असं आपण सहज म्हणून जातो. कोसबाडला पोट भरणं, अंघोळ घालणं, खरूज धुणं, केस विंचरणं आणि गाणं ही सगळी एकाच सकाळची कामं होती. तिथल्या विकासवाडी या प्रकल्पाच्या आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती थोरल्या बहिणीच्या कडेवरचं मूल उतरावं म्हणून. ते उतरलं की तिचे हात मोकळे, आणि मोकळ्या हातांना माती मळता येते, टाळी वाजवता येते. ही व्यवस्था ज्यांनी लावली त्यांना मुलाचं खेळणं हे खरं काम वाटत होतं. अनुताईंनी त्यासाठी गाणी रचली, गोष्टी लिहिल्या, बालवाडी कशी चालवावी ते पुस्तकांतून सांगितलं, आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात आपली हकीगत ठेवली. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई 1992 मध्ये जाईपर्यंत त्या टेकडीशी बांधलेल्या राहिल्या. 1985 ची पद्मश्री मधे येऊन गेली.

पाड्यावरच्या अंगणात जाऊन भरवायची अंगणवाडी या दोघींनी बोर्डी-कोसबाडला आकाराला आणली. 1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि ते नाव देशभरातल्या खेड्यांत पोचलं. आज अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर वजन-उंचीच्या नोंदी आहेत, आहाराचा हिशेब आहे, मोबाइलवर भरायची माहिती आहे, लसीकरण आहे, सर्वेक्षणं आहेत. कुपोषणाशी लढणाऱ्या पालघर जिल्ह्यात यातलं कुठलंच काम कमी महत्त्वाचं म्हणता येणार नाही. पण मानधनावर राबणाऱ्या त्या बाईला दिवसातला एक तास असा मिळायला हवा, की ज्यात फक्त मुलांबरोबर गायचं आणि रंगांत हात बुडवायचे. त्या तासाचा अहवाल तिच्याकडे कुणी मागू नये. आणि तो तास तिच्या कामात धरला जावा, त्याचे पैसे तिला मिळावेत.