मालगाडी, सत्त्याऐंशीपट लहान

मालगाडीच्या वाघिणीचा आकार दोन गोष्टींवरून ठरतो: तिच्यात भरायचा माल आणि तिच्याखालचा रूळ. भारतीय ब्रॉडगेजवर बराच काळ एका अ‍ॅक्सलमागे २०.३२ टन भार चालत असे. म्हणजे चार अ‍ॅक्सलच्या वाघिणीचे मालासकट वजन ८१.२८ टन. एवढे एकदा पक्के झाले की लांबी, उंची, दारे, छप्पर हे सगळे माल किती जड आहे आणि तो भरायचा-उतरवायचा कसा यावरून निघते. कोळशाला छप्पर लागत नाही, खताच्या आणि सिमेंटच्या पोत्यांना लागते. लांबून सगळ्या मालगाड्या सारख्याच दिसतात असे म्हणणाऱ्याने कोळशाची उघडी ‘बॉक्सएन’ आणि पोत्यांची बंद ‘बीसीएन’ शेजारी उभ्या करून पाहाव्यात. पहिली १०.७ मीटर, दुसरी १५.४ मीटर. दोघींचे भरलेले वजन मात्र जवळपास एकच.

बॉक्सएनच्या आधी ‘बॉक्स’ नावाची वाघीण होती. तिची लांबी १३.७ मीटर. नवी वाघीण तीन मीटरने आखूड का केली, याचे उत्तर वाघिणीत नाही, स्टेशनात आहे. मालगाडी बाजूला उभी करायची लूप लाइन साधारण ६८६ मीटरची धरली जाते, आणि ती वाढवायची तर प्रत्येक स्टेशनावर जमीन, रूळ आणि सिग्नल हलवावे लागतात. त्यापेक्षा दर मीटरमागे जास्त वजन बसवणे स्वस्त. बॉक्समध्ये मीटरमागे ५.९ टन बसत, बॉक्सएनमध्ये ७.६ बसतात. अठ्ठावन्न बॉक्सएनची रेक ६२१ मीटर भरते आणि तिचे वजन ४,७०० टनांच्या वर जाते. तेवढ्याच लांबीत बॉक्स पंचेचाळीसच मावल्या असत्या. शेवटचा ‘एन’ हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची खूण आहे. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकवर इतकी जड रेक बेताने थांबवणे कठीणच. बंद वाघिणीही पुढे याच वाटेने गेल्या. आजची बीसीएनएचएल जेमतेम ११ मीटरची आहे आणि तिला अ‍ॅक्सलमागे २२.९ टन चालतात.

मालाच्या घनतेचा धडा मराठवाड्याने एका दुष्काळी उन्हाळ्यात पाहिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टँकर आणि सुमारे ५ लाख लिटर, नंतर पन्नास टँकर आणि २५ लाख लिटर. हे टँकर मुळात पेट्रोल-डिझेलचे, ‘बीटीपीएन’ जातीचे. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात आतून धुऊन काढलेले. एका टँकरच्या पोटात सुमारे ७० घनमीटर जागा असते, म्हणजे ७० हजार लिटर. पाणी मात्र टँकरमागे ५० हजार लिटरच्या आसपास. टँकर अर्धवट का भरला, असे विचारणाऱ्याला इथे भ्रष्टाचाराचा वास येऊ शकतो. कारण साधे आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, लिटरला पाऊण किलोच्या आसपास. त्याचा टँकर काठोकाठ भरला तरी मालाचे वजन ५४ टनांपर्यंतच जाते. पाण्याचा लिटर एक किलोचा. तो काठोकाठ भरला असता तर रुळाने तक्रार केली असती, आणि रुळाची तक्रार फार महागात पडते.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरला रेल्वे नाही. तिथल्या दुकानातल्या खताच्या पोत्याचा रेल्वेशी संबंध परभणीच्या मालधक्क्यावर संपतो, पुढे ट्रक. त्यामुळे वाघीण जवळून पाहण्याचा योग फाटकात अडकल्यावरच, आणि तेव्हाही लोक डबे मोजतात, पाहत नाहीत. दिवाळी अंकाचे संपादक अशा लेखाला ‘फार आकडे नकोत’ अशी अट घालतात. आकड्यांशिवाय वाघिणीत लोखंडाखेरीज काही उरत नाही, हे त्यांना कसे सांगावे हा प्रश्नच आहे.

आता प्रतिकृतीकडे. छोट्या रेल्वेचे जगभर सर्वांत चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणातले. या प्रमाणात बॉक्सएन १२३ मिलिमीटरची होते. अठ्ठावन्न वाघिणींची पूर्ण रेक इंजिन धरून सव्वासात मीटरच्या वर जाते. एवढी लांब सरळ भिंत मराठी घरात नसते, म्हणून बहुतेकांची मालगाडी वीस वाघिणींवर थांबते.

लांबी ८७ पट घटते, पण वजन ८७ चा घन इतके, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त घटते. रिकाम्या बॉक्सएनचे खरे वजन साडेबावीस टन. हिशेबाने तिची प्रतिकृती फक्त ३४ ग्रॅमची व्हायला हवी. इतकी हलकी वाघीण वीस वाघिणींच्या गाडीत वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन रुळावरून उतरते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीच्या वाघिणीचे वजन सुमारे ९७ ग्रॅम येते. याउलट कोळशाने भरलेल्या बॉक्सएनचा घनाचा हिशेब १२३ ग्रॅमचा. म्हणजे शिफारशीबरहुकूम केलेली रिकामी वाघीण वजनाने जवळजवळ भरलेलीच असते. वळणांचेही तेच. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. ती ८७ पट लहान केली तर दोन मीटर. टेबलावर बसणारे वळण अर्ध्या मीटरपेक्षाही कमी त्रिज्येचे असते. रेल्वेच्या कुठल्याही अभियंत्याने अशा वळणावर सही केली नसती.

मग येतो रुळांच्या रुंदीचा वाद. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण युरोप-अमेरिकेतला रूळ १,४३५ मिलिमीटरचा. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९.२६. फरक पावणेतीन मिलिमीटर, चौदा टक्के. वाघिणीची रुंदी बरोबर आणि रूळ अरुंद. खऱ्या बॉक्सएनची रुंदी रुळाच्या १.९ पट असते, टेबलावर ती २.२ पट होते आणि वाघीण पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. यावर तीन तोडगे आहेत. पहिला, दुर्लक्ष. दुसरा, प्रमाणच बदलून १:१०१.६ करणे, मग १६.५ चा रूळ बरोबर ब्रॉडगेज होतो, पण त्या प्रमाणातली माणसे, झाडे, स्टेशने, सिग्नल काहीच विकत मिळत नाही. तिसरा, १९.२६ मिलिमीटरचा रूळ हाताने टाकणे, प्रत्येक अ‍ॅक्सल नवा करणे आणि सांध्याचा प्रत्येक तुकडा स्वतः घासणे. ब्रिटिशांकडे हेच भांडण फार जुने आहे. त्यांच्या वाघिणी लहान, आणि त्या काळातली मोटर एचओच्या ब्रिटिश इंजिनात बसेना. म्हणून त्यांनी वरचा डोलारा १:७६ चा केला आणि रूळ १६.५ चाच ठेवला. नंतर काहींना चैन पडेना, त्यांनी १८.२ चा रूळ काढला. त्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही ते १८.८३ वर गेले. तिसऱ्या तोडग्याची मंडळी सच्ची असतात, पण त्यांच्या गाड्या सहसा धावत नाहीत. शिवाय प्रेक्षक मालगाडी बाजूने किंवा वरून पाहतो. रुळाची चूक दिसते ती फक्त समोरून, आणि समोर इंजिन असते. एवढे सगळे मान्य करूनही १६.५ च्या रुळावर उभी बॉक्सएन जाणकाराला खुपतेच.

गंमत अशी की या हिशेबात मराठवाड्याची जुनी रेल्वे ब्रॉडगेजपेक्षा सरस ठरते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास टाकलेली हैदराबाद–मनमाड लाइन मीटरगेजची होती. १९९० च्या दशकापर्यंत परभणीच्या बाजूची वाहतूक त्याच रुळांवर झाली आणि मनमाडला गेज बदलत असल्याने माल एका वाघिणीतून दुसरीत हाताने टाकावा लागे. एक मीटर म्हणजे १:८७ मध्ये ११.५ मिलिमीटर. बाजारात १२ चा रूळ मिळतो. चूक चार टक्के. बार्शी लाइट रेल्वे तर त्याहून जवळ. ७६२ मिलिमीटरची ही नॅरोगेज एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी अशी सुरू केली. अ‍ॅक्सलमागे सर्वत्र पाच टन, इंजिन असो वा वाघीण, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे हलक्या रुळावरही लांब बोगी वाघिणी चालल्या. ही लाइन पुढे एका टोकाला लातूरला आणि दुसऱ्या टोकाला मिरजेला पोचली. पाण्याचे टँकर ज्या मिरज–लातूर मार्गाने आले तो याच लाइनचा, ब्रॉडगेज झालेला वारस. बार्शीचा रूळ १:८७ मध्ये ८.७६ मिलिमीटर होतो आणि दुकानात नऊचा तयार मिळतो. कॅल्थ्रॉपच्या वाघिणीची प्रतिकृती करणाऱ्याला रुळासाठी कुणाशी भांडावे लागत नाही. वाघीण मात्र स्वतःच करावी लागते.

शेवटचे काम रंगाचे आणि अक्षरांचे. विटकरी रंग दिलेली कोरी बॉक्सएन खोटी दिसते. कोळशाची वाघीण आतून खरवडलेली आणि बाहेरून गंजलेली हवी. पोचे आतून बाहेर आलेले असावेत. बाजूवर रिकामे वजन, भार, मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याची खूण असते. त्यासोबत अकरा आकडी क्रमांक: पहिले दोन आकडे वाघिणीच्या जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडी अनुक्रम आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. तो असा निघतो: पहिल्या दहांपैकी सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला तिनाने गुणायचे, त्यात विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवायची, आणि उत्तर पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडेल तो अकरावा आकडा. उत्तर दहाच्या पटीतच आले तर शून्य. मनाने लिहिलेले क्रमांक दहातले नऊ इथेच पकडले जातात.